नऊ सेकंद

१

आमच्या घरात दुपारी चार वाजता कुणी मोठ्यानं बोलत नसे. मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, आणि भाजीवाल्याला हाक मारायचीच असेल तर ती पावणेचारला मारून घ्यायची. चारच्या ठोक्याला आई मधल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसे आणि सहा मिनिटं अप्पांशी बोले. अप्पांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कुणी लगेच अंगारा शोधायला लागू नये म्हणून आधीच सांगते. मी गणिताची शिक्षिका आहे. बेंगळुरात चामराजपेटेतल्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना अपूर्णांक शिकवते आहे, आणि ज्याचा ताळा जुळत नाही त्यावर माझा विश्वास नाही. अप्पांचं बोलणं म्हणजे एक साधं रेकॉर्डिंग होतं.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गल्लीत सगळे अप्पासाहेब म्हणत. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. समोरचा बोलायला लागला की हात कानामागे धरून मान किंचित वाकडी करायची त्यांची सवय. माझ्या धाकट्या भावानं, विराजनं, त्यांना हेडफोन आणून दिले होते आणि स्तोत्रं म्हणून ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायलाही शिकवलं होतं. आई धारवाडला मावशीकडे गेली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी चार वाजता अप्पांनी कॉम्प्युटरवरून तिला फोन लावला आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले. आईचा आवाज हेडफोनमध्येच राहिला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त अप्पा आहेत. ते विचारतात, मग गप्प बसून ऐकतात, मग पुढचं विचारतात.

"जेवलीस?" चार सेकंद. "गुडघा कसा आहे?" अकरा सेकंद, कारण गुडघ्याबद्दल आईला पुष्कळ सांगायचं असतं. "हेमी शाळेत आहे, यायचीय अजून." पाच. "काय? मोठ्यानं बोल जरा." तीन. असं करत करत शेवटी, "घर मोकळं वाटतंय गं. मग, येतेस ना?" इथं नऊ सेकंद काही नाही. मग "बरं." मग लोखंडी खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

त्या नऊ सेकंदांत आई त्या दिवशी म्हणाली होती, "उद्या येते." ती दुसऱ्या दिवशी आलीही. पण अप्पा पहाटेच झोपेत गेले होते.

तेव्हापासून आई रोज चार वाजता ते रेकॉर्डिंग लावायची आणि मधल्या मोकळ्या जागांत आपली उत्तरं द्यायची. जेवले. दुखतो, पण कालच्यापेक्षा बरा. शेवटी "उद्या येते" म्हणायची, अप्पा "बरं" म्हणायचे, आणि ती उठून चहा टाकायची. शाळेला सुट्टी असली की मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. आधी रडू यायचं. मग सवय झाली.

२

श्रावणातल्या एका मंगळवारी, शाळेला सुट्टी होती, कॉम्प्युटर सुरूच होईना. अठरा वर्षांचं जुनं यंत्र ते. पिवळा पडलेला डबा आणि वर पोट सुटलेला काचेचा मॉनिटर. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, आतून कट्ट, कट्ट असा आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा.

मी विराजला फोन लावला. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत आहे, फ्लॅटही तिकडंच.

"अक्का, सोड ना ते आता," तो म्हणाला. "रिपेअर करण्यात काही सेन्स नाही. मी रविवारी नवीन लॅपटॉप घेऊन येतो."

"आणि अप्पांचं रेकॉर्डिंग?"

"कॉपी करून नाही ठेवलंस?"

"तू करणार होतास."

तो म्हणाला, "हो अक्का. करतो करतो म्हणत राहूनच गेलं." मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. दोन वर्षं रोज ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मला वाटलं होतं आई आकांत करेल. तिनं केला नाही. चार वाजता ती नेहमीसारखी खुर्चीवर जाऊन बसली आणि काळ्या पडद्यासमोर आपली उत्तरं म्हणायला लागली. "जेवले." मग थांबली. मग गुडघ्याचं पुराण. मी दारात उभी राहून मनात सेकंद मोजले. एकही चुकला नाही. दोन वर्षांचं पाठांतर होतं ते. पाढे पाठ असतात तसंच.

३

गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा चार वाजून गेले होते. चपला बाहेर काढल्या, दार लोटलेलंच होतं, आवाज न करता आत आले. आमचं घर सरळ आहे. पुढं हॉल, त्याला लागून मधली खोली, आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला खिडकी नाही, हॉलमध्ये उघडणारं एकच दार आहे. मी त्या दारात थांबले. आईची पाठ माझ्याकडे होती.

'हेमी शाळेत आहे, यायचीय अजून' या वाक्याची वेळ झाली होती. त्यावर आई नेहमी म्हणायची, "उशीर होतो तिला हल्ली."

त्या दिवशी ती म्हणाली, "नाही, आली की. दारात उभी आहे तुमच्यासमोर."

मी तिथंच खिळले. मग माझं लक्ष मॉनिटरच्या काचेकडे गेलं. काळ्या फुगीर काचेत मागचं अख्खं दार दिसत होतं आणि दारात खांद्यावर पर्स लटकवलेली मी. हसूच आलं मला. आईनं काचेत पाहिलं असणार. 'तुमच्यासमोर' हे तर ओघात आलेलं. ताळा जुळला.

आत जाऊन चहा टाकायला गेले तर गाळणीशेजारी आईचा चष्मा पडलेला. चष्म्याशिवाय आईला ताटातली कोशिंबीर कुठली आणि भाजी कुठली ते सांगावं लागतं.

४

शनिवारी मी यंत्र रिक्षात घालून नागराजकडे न्यायचं ठरवलं. गल्लीच्या टोकाला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. वायरी सोडवायला लागले तशी आईनं माझा हात धरला.

"नेऊ नको गं. चारला मी काय करू?"

"आई, नेल्याशिवाय दुरुस्त कसं होणार? अप्पांचं बोलणं त्यातच आहे ना?"

"सरी, ने बाई. पण स्वल्प लवकर आण." ती खाली बसली. मग, दूध संपलंय सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मी रोज उद्या म्हणते म्हणून ते थांबलेत. सांगायला कुणी नसलं तर कसे थांबतील?"

"कोण थांबलंय?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही मीच घाबरले होते. खरं तर मी घाबरलेच होते.

नागराजनं डबा उघडला, धूळ फुंकली, आणि कानडीत सांगितलं की हार्ड डिस्क गेली आहे, यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, मेडमनी नवीनच घ्यावं. आतली माहिती मात्र बहुतेक निघेल. "नाळे बन्नी, मेडम," म्हणजे उद्या या. बेंगळुरात कुठल्याही दुकानात हेच ऐकायला मिळतं आणि कुणी मनाला लावून घेत नाही.

त्या दिवशी चार वाजता आई रिकाम्या टेबलासमोर बसली. कॉम्प्युटर जिथं होता तिथं धुळीचा एक चौकोन राहिला होता. ती त्या चौकोनाशी बोलली. शेवटी म्हणाली, "उद्या येते." थांबली. पुन्हा म्हणाली, "उद्या येते म्हटलं." मग खुर्चीवरून पुढं वाकून ओरडलीच, "उद्या!"

मी धावत गेले. ती घामानं भिजली होती.

"आज ऐकूच जात नाही त्यांना," ती म्हणाली.

५

रविवारी विराज आला. सोबत लॅपटॉप, मिठाईचा पुडा, आणि चेहऱ्यावर असं हसू की काहीतरी करून आलाय हे लगेच कळावं.

"आई, सरप्राईज आहे. नागराजकडून डायरेक्ट घेऊन आलो. रिकव्हर झालं अप्पांचं रेकॉर्डिंग!"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. आईचा चेहरा उजळला. तिनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीवर बसली. विराजनं धुळीचा चौकोन पुसून टाकला, लॅपटॉप ठेवला. चार वाजले होते.

"आणि अक्का, मी ते क्लीनही करून आणलंय," तो मला म्हणाला. "किती घरघर होती त्यात! आणि मध्ये मध्ये नुसतं ब्लँक. ते सगळं कट केलं. आता अप्पा कसे एकदम क्लिअर बोलतात बघ."

काय केलंय ते मला कळायला एक क्षण लागला. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

"जेवलीस? गुडघा कसा आहे? औषध घे, विसरू नको." आईनं तोंड उघडलं होतं, 'जेवले' म्हणायला. तिचा ज सुद्धा बाहेर पडला नाही. "हेमी शाळेत आहे, यायचीय अजून. काय? मोठ्यानं बोल जरा." ती प्रत्येक वेळी सुरुवात करत होती आणि अप्पा प्रत्येक वेळी पुढं जात होते. आवाज खरंच स्वच्छ होता. अप्पा असे कधी बोललेच नव्हते. ते माणसाला बोलू द्यायचे.

"विराज, बंद कर," मी म्हटलं.

"घर मोकळं वाटतंय गं. मग, येतेस ना? बरं."

खुर्ची सरकली. संपलं. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

आईचं तोंड उघडंच होतं. 'उ' म्हणताना ओठ होतात तसे तिचे ओठ झाले होते. मग तिनं ते हळूच मिटले.

"अहो, मी काही म्हटलंच नाही अजून," ती पडद्याला म्हणाली. काही वेळानं आमच्याकडे वळली. "बरं म्हणाले ते."

६

मी विराजला नको नको ते बोलले. मूळ रेकॉर्डिंग कुठं आहे विचारलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं की पेन ड्राइव्हवर जागा नव्हती म्हणून मूळ प्रत पुसून टाकली. "पण नागराजकडच्या डिस्कवर असेल अक्का. मला काय माहीत? मी चांगल्यासाठीच केलं ना." त्याचे डोळे भरून आले होते. त्याचंही बरोबर होतं. अप्पा त्याचेही होते, आणि त्या मोकळ्या जागांत काय असायचं ते त्यानं दुपारी चारला कधी ऐकलंच नव्हतं.

तो गेल्यावर आईनं कपाटातून तिची निळी बॅग काढली, धारवाडला नेली होती तीच. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, फणी घातली. हॉलमध्ये कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसली. जेवायला वाढलं तर म्हणाली, "प्रवासात जड होतं."

"कुठला प्रवास आई?"

ती हसली आणि माझा प्रश्न टाळला.

सोमवारी मी नागराजकडे गेले. त्यानं माझी डिस्क शोधली, कपाळावर हात मारला. ती दुसऱ्या मुलाकडं कामाला दिली होती. नाळे बन्नी. मंगळवारी शाळा सुटल्यावर गेले. डिस्क होती, पण ती पुन्हा वाचायला वेळ लागेल. नाळे बन्नी, मेडम. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन शब्दांवर मी दुकानात सगळ्यांसमोर ओरडले. नागराज वयानं माझ्यापेक्षा मोठा, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की जुन्याच डब्यात दुसरी वापरलेली डिस्क घालून देतो, जसंच्या तसं सगळं घरी लावून देतो, आणखी एक दिवस द्या.

डॉक्टर येऊन गेले. नाडी मंद आहे, वय झालं, काही खाऊ घाला, असं म्हणाले. आईनं दोन दिवसांत पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

बुधवारी सकाळी उठले तर तिच्या चपला जागेवर नव्हत्या. मी बाहेरच्या दाराकडे धावले. दाराला आतून कडी होती आणि आई कॉटवर झोपलेली होती.

चपला मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी होत्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या, आणि तोंड आतल्या बाजूला.

७

बुधवारी मी शाळेत गेलेच नाही. साडेतीनला नागराज स्वतः यंत्र घेऊन आला. जुना डबा, जुना पोटवाला मॉनिटर. वायरी जोडल्या, अप्पांचं रेकॉर्डिंग दाखवलं. सहा मिनिटं बारा सेकंद. डिस्क जुनीच आहे, किती दिवस टिकेल सांगता येत नाही, शेवटी मेडमना नवीनच घ्यावं लागेल, असं म्हणून तो चपलांकडे एकदा बघून निघून गेला. त्याचे पैसे द्यायचंही मला सुचलं नाही.

आई पडून होती. हात थंड होते. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, आलंय बघ. जसं होतं तसं. चल, उठ."

तिनं डोळे उघडले नाहीत.

चार वाजले. तिला उचलून खुर्चीवर बसवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. मी कॉट ओढून दारापर्यंत आणली, आवाज मोठा केला आणि रेकॉर्डिंग लावलं. स्वतः खुर्चीवर बसले.

"जेवलीस?"

चार सेकंद. मागं आईचा श्वास ऐकू येत होता, बस्स. "गुडघा कसा आहे?" अकरा सेकंद, आणि त्या अकरा सेकंदांत इतकी शांतता होती की मला यंत्राच्या पंख्याची घुरघुर बरी वाटली. प्रत्येक प्रश्न येत होता आणि रिकामाच परत जात होता. मी वळून वळून आईकडे बघत होते. बोल ना गं. एकदा तरी बोल.

"घर मोकळं वाटतंय गं. मग, येतेस ना?"

मी मनात मोजायला लागले. एक. दोन. मला आठवलं ते फक्त तिचं रविवारचं उघडं तोंड. विचार केला असता तर मी गप्प बसले असते. मी विचार केला नाही.

"उद्या येते," मी म्हणाले.

"बरं."

मी अजून पाचवरच होते.

खुर्ची सरकली. रेकॉर्डिंग संपलं. मी तशीच बसून राहिले. नऊ सेकंदांची जागा होती ती. डिस्क बिघडली की मधले तुकडे गळतात, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते पटण्यासारखंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. "हेमी, काफी कुठं ठेवलीस गं? काही म्हणून जागेवर नसतं या घरात." निळी बॅग रिकामी होऊन कपाटात गेली होती. तिनं उप्पिट केलं आणि दोनदा वाढून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले.

८

त्या दिवसापासून आई मधल्या खोलीत जात नाही. चार वाजता ती पदर खोचून देवळात जाते, तिथल्या बायकांत बसते, येताना फुलं आणते. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "रेकॉर्डिंग नाही ऐकायचं?"

"आता तुझ्याशी बोलतात ना ते," ती म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. तिला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी रोज चार वाजता घरी असते. शाळेत हेडबाईंना आईच्या तब्येतीचं कारण सांगितलं आहे. विराज म्हणतो, "अक्का, तू पण?" मी म्हणते, आईसाठी करते रे, आणि ते खोटं नाही. एकदा मुद्दाम एक दिवस चुकवायचं ठरवलं होतं. दुपारी तीनलाच आईनं जेवणाचं ताट सरकवून ठेवलं, म्हणून तो विचार सोडून दिला.

मी ताळाही करून पाहिला. रेकॉर्डिंग फोनवर घेतलं. फोनवर ती मोकळी जागा नऊ सेकंदांची आहे, कितीही वेळा लावा. यंत्रावर मी लगेच उत्तर दिलं तर 'बरं' लगेच येतं. सावकाश दिलं तर सावकाश येतं. तीन दिवस वहीत आकडे लिहिले. मग ते पान फाडलं आणि मोजणं बंद केलं.

गेल्या आठवड्यात डब्यातून पुन्हा आवाज यायला लागला. कट्ट, कट्ट. नागराज म्हणाला, आता मात्र नवीनच. विराज म्हणाला, नवीनच. मी दोघांनाही म्हटलं, बघू.

आणि आज करंट गेला.

"घर मोकळं वाटतंय गं. मग, येतेस ना?" इथपर्यंत अप्पा आले आणि पंखा, दिवा, यंत्र, सगळं एकदम बंद. आमच्या भागात हे नेहमीचंच. पण त्या बिनखिडकीच्या खोलीत हॉलमधून येणाऱ्या उजेडाखेरीज काही उरलं नाही. मी सवयीनं म्हणाले, "उद्या येते."

'बरं' आलं नाही. यायचं कुठून? यंत्र बंद होतं. मी स्वतःला हे समजावलं आणि तरी बसून राहिले, कारण उठायचं ते 'बरं' ऐकल्यावर, असं पायांना लागलेलं वळण. नऊ झाले. पंधरा झाले. मोजणं बंद केलं म्हणाले होते ना, ते खोटं.

मग मॉनिटरच्या काळ्या काचेत दारात कुणीतरी उभं असलेलं दिसलं.

आई आली, मला वाटलं. आज लवकर परतली. मी हुश्श केलं आणि काचेकडे बघूनच म्हणाले, "करंट गेलाय गं."

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली. "हेमी," आईनं रस्त्यावरून हाक मारली, "दार उघड गं. केवढी गर्दी होती आज देवळात."

काचेतलं माणूस हललं नाही. उजेड त्याच्या मागून येत होता, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. त्यानं फक्त एक हात सावकाश वर नेला, कानामागे धरला आणि मान किंचित वाकडी केली.

"उद्या येते," मी मोठ्यानं म्हणाले. मग घसा फुटेपर्यंत ओरडले. हात कानामागेच होता.

"हेमी, झोपलीस का?" आई बाहेरून दार वाजवत होती. कडी आतून होती. ती काढायला मला मधल्या खोलीच्या त्याच दारातून जायचं होतं.